रिकामा एंटर म्हणजे 'काही नाही' नव्हे

तुमची पोस्ट वाचून जुनी जखम उघडली. 'ईमॅक्समधली (मजकूर लिहायच्या एडिटरमधली) माझी कमांड तालुका विचारते, तो ऐच्छिक आहे, पण नुसतं एंटर मारलं की भलतंच होतं.' अगदी हेच माझ्या बाबतीत झालंय. आधीच सांगतो, मी प्रोग्रॅमर नव्हे, फोंड्यात डीटीपीचं काम करतो. जाणकारांनी चुका काढाव्यात.

एका देवस्थानच्या महाजनांची (देवस्थानच्या सभासदांची) यादी माझ्याकडे होती, 614 ओळी. 'पत्ता बदलला' असा शेरा मारायची कमांड लिहिली. तालुका दिला तर त्या तालुक्याच्या सगळ्या ओळींवर शेरा, नाही दिला तर कर्सर असेल तेवढ्याच ओळीवर. आत तपासणी एवढीच: तालुका आहे का? गोम इथेच आहे. रीड-स्ट्रिंग म्हणजे वापरणाऱ्याला मजकूर विचारणारं फंक्शन. त्याला डिफॉल्ट (न लिहिल्यास धरायचं उत्तर) दिला नसेल तर रिकाम्या एंटरवर ते 'निल' (काहीच नाही) देत नाही, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) देतं. ईमॅक्सच्या लिस्प भाषेत खोटं फक्त निल, त्यामुळे रिकामी स्ट्रिंग खरी ठरते. वर तालुका शोधायला वापरलेला रेगेक्स (शोधायचा नमुना) रिकामा असला की प्रत्येक ओळीला जुळतो. एका माणसासाठी एंटर मारलं आणि 614 जण स्थलांतरित! शेरा ओळीच्या टोकाला, पडद्याबाहेर, म्हणून दिसलंही नाही. तशीच छापून कार्यालयात दिली.

त्या कार्यालयाचं नाव नको. चूक माझीच, पण दुरुस्त यादी दुसऱ्याच दिवशी नेली तर म्हणे नवा अर्ज, नवा आवक क्रमांक. मग साहेब मीटिंगात, मग जेवायला. कदंबाच्या बसने चार खेपा झाल्या. असो.

माझं मत, पटलं तर घ्या: ऐच्छिक गोष्ट दरवेळी विचारूच नये. करंट-प्रीफिक्स-आर्ग (कमांडआधी कंट्रोल-यू दाबल्याची खूण) असेल तरच विचारा. म्हणजे साध्या वापरात निल जातं, आणि कंट्रोल-यू दाबून बोलावली तरच तालुका विचारला जातो. तिथेही रिकामं उत्तर आलं तर त्याचं निल करून घ्या, नाहीतर पुन्हा माझ्यासारखंच. दरवेळी विचारणं भागच असेल तर प्रॉम्प्टमध्येच लिहा, 'तालुका (रिकामा = हीच ओळ)'. खराखुरा डिफॉल्ट असेल तर तो कंसात दाखवायला ईमॅक्स 28 पासून फॉरमॅट-प्रॉम्प्ट हे फंक्शन आहे. पण रीड-स्ट्रिंगलाही तोच डिफॉल्ट द्या, नुसता दाखवून भागत नाही.

शंका आली की कंट्रोल-एक्स, मग दोनदा एस्केप. मिनिबफरमध्ये (पडद्याच्या तळच्या ओळीत) विचारणारी शेवटची कमांड आर्ग्युमेंटांसकट, म्हणजे तिला मिळालेल्या उत्तरांसकट, दिसते. मला तिथे दोन अवतरणचिन्हं दिसली, मधे काहीच नाही. छापण्याआधी बघितलं असतं तर!

व्हिम या दुसऱ्या एडिटरवाल्यांनी हसू नये. तिथल्या इनपुट फंक्शनमध्ये एस्केप दाबलं तरी रिकामीच स्ट्रिंग येते. माणसाने मुद्दाम रिकामं सोडलं की घाबरून रद्द केलं, ते कळतच नाही.