नव्या नोकरीसाठी कपडे घेताना

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक भगिनीचा प्रश्न आला आहे. एच-फोरवर, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आल्यापासून त्या घरीच होत्या. आता ईएडी (नोकरी करण्याचं परवानापत्र) आलं आणि अकाउंट्सची नोकरीही लागली. पण ट्रायल रूमच्या आरशात शर्ट-पँट घालून उभं राहिलं की अंगावर दुसऱ्याच कुणाचे कपडे आहेत असं वाटतं. ऑफिसला काय घालू, असं त्या विचारतात.

ताई, आधी मनापासून अभिनंदन! २०१५च्या मे महिन्यापर्यंत एच-फोरवरच्या जोडीदारांना नोकरी करायची परवानगीच नव्हती. किती शिकलेल्या बायकांची उमेदीची वर्षं त्यात गेली, हे आपल्यापैकी अनेकांनी घरातच पाहिलं आहे. त्यामुळे या पहिल्या पगाराचं मोल मोठं आहे.

कपडे परके वाटतात ते बहुधा मापामुळे. उंची पाच फूट चार इंचांपर्यंत असेल तर ‘पेटीट’ विभागात जा. तिथे नुसती लांबी कमी केलेली नसते, बाही, खांदा, गुडघ्याची जागा सगळंच त्या उंचीला बेतलेलं असतं. ब्लेझरचा खांदा आधी बघा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी आली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा उसवून पुन्हा बसवणं किचकट आणि महागाचं काम आहे. शिंपी शोधत फिरायला नको, बऱ्याच ड्राय क्लीनरकडे अल्टरेशन करून मिळतं. पँट द्यायला जाताना ऑफिसचेच बूट घालून जा, म्हणजे लांबी चुकत नाही.

आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. खुर्चीत बसा, कीबोर्डवर ठेवतो तसे हात पुढे करा, वाकून जमिनीवरची पर्स उचला. छातीशी दोन बटणांमध्ये शर्ट फाकत असेल, पँट कमरेला काचत असेल, तर कितीही सेल असला तरी ते कपडे नकोत. भर मीटिंगमध्ये शर्ट खाली ओढत बसलात तर आकड्यांकडे लक्ष कसं राहणार?

सुरुवातीला दोन पँट, एक ब्लेझर आणि चार टॉप भरपूर झाले. न्यू जर्सीत रोजच्या कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, तेवढीच बचत. बाकीची खरेदी सहकारी काय घालतात ते बघून करा. तिकडून आणलेले कॉटनचे कुर्तेही देऊन टाकू नका. साधा, आखूड कुर्ता सरळ पँटवर आणि वर ब्लेझर, हे बऱ्याच ऑफिसांत छान चालतं.

टिकली आणि मंगळसूत्र घालायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्या मनावर. ‘इथे असं चालत नाही’ असं सांगणाऱ्या मैत्रिणींचं ऐकून काढू नका. मात्र रुग्णालयातल्या कामाची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नर्सना रुग्णांजवळ काम करताना हात कोपरापासून खाली मोकळे ठेवावे लागतात. बांगड्या चालत नाहीत, साधी अंगठी चालते. तो जंतुसंसर्गाचा नियम आहे, आपल्या संस्कृतीवरचा आक्षेप नव्हे.

आता फोडणी. तिची धास्ती अनेक जणी मनात घेऊन वावरतात, म्हणून स्पष्ट लिहिते. कांदा-लसूण तेलात पडला की वास लोकरीत मुरतो, मग घर मराठी असो वा इटालियन. त्यासाठी डब्यात रोज सँडविच न्यायची गरज नाही. कोट आणि ब्लेझर स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवर टांगू नका, आतल्या खोलीत बंद कपाटात ठेवा. भाजी करताना एक्झॉस्ट चालू आणि केस बांधलेले असू द्या. ऑफिसचे कपडे डबा भरून झाल्यावरच अंगावर चढवा.

आणि यजमानांना एक विनंती. निदान पहिला महिनाभर सकाळची पोळी-भाजी तुम्ही करा. जमत नसेल तर आदल्या रात्री दोघांनी मिळून उरका.