घड्याळ बिघडतं की काळच मंदावतो?

प्रश्न: १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवली आणि ती काही नॅनोसेकंद मागेपुढे झाली असं वाचलं. पण विमानात हादरे असतात, तापमान बदलतं, मग घड्याळच बिघडलं नाही कशावरून? यंत्राशिवाय काही पुरावा आहे का? – एक वाचक, मिरज

उत्तर: शंका एकदम रास्त आहे. शिवाय त्या प्रयोगात वेगासोबत उंचीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा परिणामही मिसळलेला होता, त्यामुळे वेगाने पळणाऱ्याचा काळ मंदावतो, या आइन्स्टाइनच्या म्हणण्याचा फक्त वेगापुरता पुरावा हवा असेल तर विमान सोडा आणि म्युऑनकडे बघा. हा इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊबंद, कॉस्मिक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) वर हवेत आदळले की तयार होतो, आणि थांबलेला असेल तर सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मोडतो, म्हणजे त्याचे दुसरे कण होतात. यात ना स्प्रिंग ना बॅटरी, बिघडायला आत काही नाहीच, म्हणून मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो. होमी भाभांनी तर १९३८ मध्येच, म्युऑन हे नावही नव्हतं तेव्हा, लिहिलं होतं की अशा कणाला घड्याळच समजा, तो पळत असेल तर उशिरा मोडणार.

फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी हेच मोजलं, निकाल १९६३ मध्ये छापला. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर, साधारण १९०० मीटर उंचीवर, प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाचे म्युऑन तासाला ५६३ मिळाले. वेग निवडायला डिटेक्टरवर लोखंडाचा थर रचला होता, आणि खाली अमेरिकेतल्याच केंब्रिजला समुद्रसपाटीवर तो थर मुद्दाम कमी केला, कारण मधली हवाच तेवढा ब्रेक लावते, म्हणजे दोन्हीकडे तेच म्युऑन मोजले जातात, ही काळजी मला फार आवडते. उतरायला ६.४ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात बहुतेक मोडून २७ च्या आसपास उरायला हवे होते. मिळाले ४०८! म्हणजे म्युऑनच्या स्वतःच्या हिशोबाने जेमतेम ०.७ मायक्रोसेकंदच गेला होता, काळ जवळपास ९ पट हळू.

हादऱ्यांचं म्हणाल तर सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १४ मीटर व्यासाच्या रिंगमध्ये म्युऑन ९९.९४ टक्के वेगाने फिरवले, १९७७ चा निकाल, आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद, म्हणजे २९ पट, आइन्स्टाइनच्या सूत्राशी हजारात एका भागाच्या अचूकतेने जुळणारं. गोल फिरताना त्यांच्यावरचं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या अब्ज अब्ज पट होतं, धक्क्यांनी काही फरक पडत असता तर तो इथे दिसलाच असता.