बेलफास्टमध्ये टॅक्सी करून तिथल्या संघर्षाचा इतिहास बघावा का? सोबत आई-बाबा आहेत

तुम्ही विचारलंय की भाऊ डब्लिनला आहे, जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जायचंय, तिथून बेलफास्ट करायचंय. तिथे खासगी टॅक्सीवाले दंगलीच्या काळातल्या जागा फिरवून दाखवतात, ती टूर घ्यावी का? आई-बाबांना झेपेल का? आणि इंग्रजी जेमतेम असेल तर पैसे वाया जातील का?

घ्या. नक्की घ्या. फक्त एका गाडीवाल्याचं ऐकून सगळं कळलं असं धरू नका, आणि जुलैची तारीख नीट बघून ठरवा.

मी चिमूर तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला शिक्षक. लेक बेलफास्टला नर्स आहे. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिनेच ही गाडी ठरवली होती.

आधी व्हिसाचं बघा, कारण इथेच लोक अडकतात. डब्लिन आयर्लंड देशात, बेलफास्ट ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये. बसने दोन-अडीच तासांचा रस्ता, मध्ये नाका नाही, सहसा कोणी पासपोर्ट मागत नाही, आपण कधी दुसऱ्या देशात शिरलो तेही कळत नाही. पण म्हणून आयर्लंडचा व्हिसा तिथे आपोआप चालतो असं नाही. भारतीयांना मिळणाऱ्या आयर्लंडच्या शॉर्ट स्टे व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल तरच त्यावर ब्रिटनमध्ये जाता येतं. तिघांच्याही व्हिसावर तो आहे का, हे तिकिटं काढायच्या आधी बघा. डब्लिनला युरो चालतो, बेलफास्टला पाउंड.

आता टॅक्सी. ही म्हणजे लंडनमध्ये असतात तशी उंच छताची काळी गाडी. मागे तिघांची सीट आणि समोर उलट्या तोंडाच्या दोन घडीच्या सीट, म्हणजे पाच जण समोरासमोर बसतात. चढायला फार उंच नाही, आई-बाबांना त्रास होणार नाही. या गाड्या आल्या कशा, तेही त्याच इतिहासातलं आहे. १९७० च्या सुमाराला दंगलीत बसेस पळवून, जाळून रस्ते अडवायचे, त्यामुळे त्या भागातल्या बसच बंद पडायच्या. तेव्हा लोकांनी लंडनच्या जुन्या टॅक्सी विकत आणल्या आणि एकाच रस्त्यावर सीट भरून चालवायला लागले, अगदी आपल्याकडे एसटी नसलेल्या गावाला काळी-पिवळी चालते तशी. फॉल्स रोडवर कॅथलिक समाजाच्या गाड्या, शँकिल रोडवर प्रोटेस्टंट समाजाच्या. आज पाहुण्यांना फिरवतात ते ड्रायव्हर बरेचसे याच वस्त्यांमध्ये वाढलेले.

जाण्याआधी आई-बाबांना एवढं सांगून ठेवा. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. तिथे एक समाज बहुतांश कॅथलिक, त्यांना आयर्लंड एक व्हावं असं वाटतं. दुसरा बहुतांश प्रोटेस्टंट, त्यांना ब्रिटनमध्येच राहायचंय. नोकरी, घर, मतदान यांत कॅथलिकांवर अन्याय होतो म्हणून १९६० च्या दशकात चळवळ उभी राहिली, तिचं पर्यवसान दंगलीत झालं, आणि पुढची तीस वर्षं बंदुका आणि बॉम्ब थांबले नाहीत. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला. तोवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यापेक्षाही कमी लोकवस्तीचा मुलूख आहे तो, म्हणजे त्या आकड्याने किती घरांत सुतक आलं असेल याचा अंदाज करा. सगळ्यांत जास्त माणसं आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) सारख्या, आयर्लंड एक करायला निघालेल्या रिपब्लिकन संघटनांनी मारली, त्याखालोखाल ब्रिटनवाद्यांच्या हत्यारी संघटनांनी, आणि मग सैन्य-पोलिसांनी. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त साधी माणसं होती, कोणाच्याही फौजेतली नसलेली.

टूर साधारण दीड-दोन तासांची. भाडं बहुतेक ठिकाणी गाडीमागे असतं, डोक्यामागे नाही, त्यामुळे तुम्हा चौघांना परवडेल. तरी आधी विचारून घ्या. तुमच्या मुक्कामावरून घेतात आणि परत सोडतात.

आमच्या ड्रायव्हरने आधी फॉल्स रोडला नेलं. तिथे एका इमारतीच्या भिंतीवर बॉबी सँड्सचं मोठं चित्र आहे, लांब केसांचा हसरा पोरगा. बंदूक बाळगल्याबद्दल १४ वर्षांची शिक्षा झालेला आयआरएचा कैदी. आम्हाला राजकीय कैदी माना, स्वतःचे कपडे घालू द्या, अशा मागण्यांसाठी १९८१ मध्ये तुरुंगात उपोषणाला बसला. उपोषण चालू असतानाच ब्रिटिश पार्लमेंटच्या पोटनिवडणुकीत निवडून आला. थॅचर सरकार हललं नाही. ६६ व्या दिवशी, ५ मे ला गेला, वय २७. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले.

लेकीने हे मराठीत सांगितलं तेव्हा आमची मंडळी म्हणाली, ‘‘म्हंजे भन्साळीसारखं.’’ चिमूरच्या माणसाला दुसरं काय आठवणार? १९४२ च्या नागपंचमीला, १६ ऑगस्टला, चिमूरला गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर शहीद झाला, संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केलं, मग फौज आली आणि गावच्या बायांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. त्यांचं उपोषण सुटलं, ते जगले. मी हे ड्रायव्हरला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याने गाडी बाजूला लावली आणि सगळं नीट विचारून घेतलं. तोवर तो आम्हाला पाठ झालेलं सांगत होता. त्यानंतर आमच्याशी बोलायला लागला. म्हणून तुमचा इंग्रजीचा प्रश्न मला फार मोठा वाटत नाही. त्यांचा उच्चार आपल्याला कठीण जातोच, पण भाऊ सोबत आहे. गाडी ठरवतानाच सांगा की आम्ही मध्येमध्ये थांबवून आई-बाबांना मराठीत सांगणार आहोत. घाई असलेला ड्रायव्हर असेल तर तेव्हाच कळेल.

तिथून बॉम्बे स्ट्रीट. होय, आपल्याच मुंबईचं नाव. शेजारी काश्मीर रोड आहे, इंग्रजांच्या साम्राज्याच्या काळातली नावं. १५ ऑगस्ट १९६९ ला ही गल्ली जाळली, लोक हाताला लागेल ते घेऊन पळाले, १५ वर्षांचा एक पोरगा गोळी लागून गेला. आता तिथे नवी घरं आहेत आणि मेलेल्यांच्या नावांची बाग आहे. पण घरांची मागची बाजू बघाल तर जीव कसानुसा होतो. परसबागेवर वरून खालपर्यंत लोखंडी जाळी, पिंजऱ्यासारखी, आणि तिच्या मागे लगेच दोन समाजांच्या वस्त्यांमधली ती भिंत. पलीकडून दगड, बाटल्या आल्या तर जाळीवर अडाव्यात म्हणून. आतमध्ये एका घरचे कपडे वाळत घातलेले होते.

भिंत खाली काँक्रीटची, त्यावर पत्रा, त्यावर आणखी जाळी, तीनमजली घराहून उंच. १९६९ मध्ये सैन्याने तात्पुरतं कुंपण म्हणून घातलं होतं. २०१३ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती काढू. त्या अजून उभ्या आहेत. दोन वस्त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर लोखंडी फाटकं आहेत, त्यातली काही आजही रात्री बंद होतात. आमची मंडळी म्हणाली, ‘‘भांडण मिटलं त मंग हे अजून कायले ठेवलं?’’ ड्रायव्हर म्हणाला, पाडायची म्हटलं की भिंतीलगतच्याच लोकांना धास्ती वाटते, रात्रीची झोप तिच्या भरवशावर आहे.

भिंतीच्या पलीकडच्या, शँकिलकडच्या बाजूला गाडी थांबली की ड्रायव्हर हातात जाड मार्कर देतात. जगभरचे पाहुणे तिथे शांतीचा संदेश लिहितात, आपली नावं लिहितात. आम्ही लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या घरामागच्या भिंतीवर आपण काय लिहायचं, असं मंडळीचं म्हणणं पडलं आणि मला ते पटलं. मोठमोठे नेते लिहून गेलेत, त्यामुळे कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही, पण नाही लिहिलं तरी काही बिघडत नाही.

एका ठिकाणी त्याने डिकीतून प्लास्टिकची गोळी काढून माझ्या हातात दिली. गोळी म्हणजे नावाला, चार इंच लांब, जाड, बोथट दांडकंच ते, आणि हातात चांगलंच जड लागतं. जमाव पांगवायला सैन्य-पोलीस रबराच्या आणि पुढे अशा प्लास्टिकच्या गोळ्या झाडायचे. त्यांनी १७ माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. तुमच्या बाबांना हातात घेऊन बघू द्या. मला तरी ती हातात घेतल्यावर त्या रस्त्याचं भय समजलं.

आता माझा मुख्य मुद्दा. आमचा ड्रायव्हर फॉल्सकडचा होता. माणूस सज्जन, कोणाबद्दल वाईट शब्द काढला नाही. पण फॉल्सवर थांबलो की तो माणसांबद्दल सांगायचा, कोण कोणाचा भाऊ, कोण कोणत्या शाळेत होता. शँकिलवर थांबलो की तारखा सांगायचा. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तिथली घरं आतून माहीतच नाहीत. पण पाहुण्याच्या मनात एका बाजूची माणसं राहतात आणि दुसऱ्या बाजूचे नुसते झेंडे.

शँकिलवरच्या फ्रिझेलच्या मासळीच्या दुकानाबद्दलही त्याने दोन वाक्यांतच सांगितलं. लेकीच्या वॉर्डातली एक नर्स शँकिलची. ती संध्याकाळी घरी चहाला आली तेव्हा सगळं कळलं. २३ ऑक्टोबर १९९३, शनिवारची दुपार, रस्ता गिऱ्हाइकांनी भरलेला. दुकानाच्या वर प्रोटेस्टंटांच्या हत्यारी संघटनेचं ऑफिस होतं, तिथले म्होरके मारायचे म्हणून आयआरएची दोन पोरं बॉम्ब घेऊन आत शिरली. तो हातातच फुटला. नऊ माणसं गेली, त्यात दोन लहान मुली, शिवाय बॉम्ब आणणाऱ्यांपैकी एक. ही नर्स तेव्हा शाळकरी पोरगी होती, आईबरोबर दर शनिवारी याच रस्त्यावर बाजाराला यायची. त्या दिवशी आईला बरं नव्हतं म्हणून आल्या नाहीत. आठवडाभरात बदला म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांनी ग्रेस्टील गावच्या बारमध्ये गोळीबार केला, आठ जण मेले. ती हे सांगताना आमच्या ड्रायव्हरइतकीच शांत होती आणि तिचं दुःखही तितकंच खरं होतं.

आमच्या चिमूरलाही आम्ही आमच्या शहिदांचं पोरांना सांगतो, सांगायलाच पाहिजे, मी आयुष्यभर वर्गात सांगितलं आहे. त्या दिवशी मेलेल्या अधिकाऱ्यांच्या घरी पुढे काय झालं, हे विचारणारा पोरगा मला वर्गात भेटला नाही. बेलफास्टच्या त्या चहानंतर हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून तुम्हाला सुचवतो, गाडी ठरवताना विचारा की ड्रायव्हर कोणत्या भागातला. धर्म विचारू नका, ते तिथे बरं दिसत नाही. दोन दिवस असतील तर दोन वेगवेगळ्या भागांतल्या लोकांकडून ऐका. काही पायी टूर अशाही आहेत की अर्धा रस्ता एका बाजूचा जुना कैदी दाखवतो आणि भिंतीपाशी दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे सोपवतो. चालणं जास्त आहे, आई-बाबांना नाही जमणार, पण तुम्ही दोघं भाऊ जाऊ शकता.

जुलैबद्दल. १६९० च्या बॉइनच्या लढाईत राजा विल्यम जिंकला, त्याचा उत्सव प्रोटेस्टंट समाज १२ जुलैला मोर्चे काढून करतो, आणि आदल्या रात्री वस्त्यावस्त्यांत प्रचंड होळ्या पेटवतो. तुमच्यासारख्याला कोणी काही करणार नाही, पण रस्ते आणि दुकानं बंद असतात, वातावरण तापलेलं असतं, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन गर्दीत अडकणं बरं नाही. १० ते १३ सोडून कोणतीही तारीख घ्या. एरवी सुरक्षिततेची चिंता नको, त्या वस्त्यांत दिवसा आम्हाला कसलीच भीती वाटली नाही. भावाला फुटबॉलची आवड असेल तर सेल्टिक किंवा रेंजर्सचा टी-शर्ट घालून येऊ नको म्हणावं, तिथे त्यावरून माणूस कोणत्या बाजूचा ते ठरवतात. पाऊस जुलैतही असतो, वारा बोचतो. आईला स्वेटर द्या, छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं.

एक दिवसाऐवजी मुक्काम करता आला तर करा. पहिल्या दिवशी अल्स्टर म्युझियम, तिथे या संघर्षावर वेगळं दालन आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. बाबांना तिथे बसून बघता येईल, आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हर कशाबद्दल बोलतोय ते कळेल. सोमवारी म्युझियम बंद असतं.