वाचकांचे प्रश्न : आपल्या गटापुरता व्हॉइस सर्व्हर

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण दर आठवड्याला ऑनलाइन बोलून अभ्यास करतो. त्यासाठी होस्टिंग पॅनेलवरून (भाड्याचा सर्व्हर सांभाळण्याच्या वेबपानावरून) मम्बल या ऑनलाइन बोलण्याच्या प्रोग्रॅमचा सर्व्हर सुरू केला आहे. पॅनेलवर तो चालू दिसतो, तरीही काहींना जोडता येत नाही आणि काहींचा आवाज तुटतो. शिवाय, पासवर्ड ठेवला म्हणजे सर्व्हर खाजगी झाला असे समजावे का?

उत्तर : पॅनेलवरच्या ‘चालू’ या शब्दाचा अर्थ एवढाच की प्रोग्रॅम बंद पडलेला नाही, बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचता येते की नाही, हे त्यावरून कळत नाही. मम्बलचा नेहमीचा पोर्ट (यंत्रावरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याच्या दाराचा क्रमांक) ६४७३८ असला तरी एकाच यंत्रावर अनेकांचे सर्व्हर चालत असल्याने पॅनेल बहुधा वेगळा क्रमांक देते. ज्यांना जोडता येत नाही, त्यांनी पत्ता बरोबर लिहून पोर्ट मात्र नेहमीचाच ठेवला आहे का, हे आधी पाहावे.

आवाज तुटण्याचे कारण बहुतेक वेळा यूडीपीत सापडते. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत : टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा पाठवते, यूडीपी त्यासाठी थांबत नाही. मम्बल लॉगिन आणि लिखित संदेश टीसीपीवरून पाठवते, तर आवाज त्याच क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरून जातो. यूडीपीची वाट बंद असेल तर आवाजही टीसीपीवरून जाऊ लागतो. त्यात हरवलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे अडून राहत असल्यामुळे संभाषण होते खरे, पण अडखळत. सर्वांनाच हा त्रास असेल तर होस्टिंग कंपनीला दोन्ही वाटा खुल्या आहेत का, असे स्पष्ट विचारावे. एकदोघांनाच असेल तर दोष त्यांच्या नेटवर्कमध्ये शोधावा.

सर्व्हरची क्षमता कमी पडते आहे अशी शंका घेण्याचे कारण नाही. मम्बल आवाज एकत्र मिसळत नाही, बोलणाऱ्याचा आवाज इतर प्रत्येकाला पुढे पाठवते. म्हणजे बारा जणांत एक जण ४० किलोबिट वेगाने बोलत असेल, तर सर्व्हरमधून सुमारे ४४० किलोबिट प्रतिसेकंद बाहेर पडतात, आणि हा भार साध्या सर्व्हरलाही जड नाही.

आता आपल्या शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. पासवर्ड एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून त्याला फक्त बाहेरचे दार समजावे. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना लॉगमध्ये (सर्व्हरच्या कामाच्या नोंदींत) ‘सुपरयूझर’ या सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड उमटतो. तो जपून ठेवावा, पॅनेलवर इतर कोणाला प्रवेश दिला असेल तर बदलावा, आणि हे खाते केवळ व्यवस्थेसाठी वापरावे. त्यावरून बोलता येतही नाही. या खात्याने आत जाऊन मुख्य चॅनेलखाली (चॅनेल म्हणजे सर्व्हरवरची बोलण्याची खोली) अभ्यासाचे स्वतंत्र चॅनेल करावे, त्याच्या परवानग्यांत सर्वांना प्रवेश नाकारावा आणि आपण नावानिशी तयार केलेल्या गटालाच तो द्यावा. हे नियम क्रमाने वरून खाली लागू होतात, म्हणून नकार आधी आणि परवानगी नंतर असावी. ‘नोंदणीकृत सदस्य’ या तयार गटावर मात्र विसंबू नये, कारण मूळ मांडणीत सर्व्हरवर आलेली कोणतीही व्यक्ती स्वतःची नोंदणी स्वतःच करू शकते.

सदस्याची ओळख त्याच्या संगणकावरच्या सर्टिफिकेटवरून, म्हणजे मम्बलच्या ओळखपत्रासारख्या फाइलवरून, पटते. ते गमावले तर त्याच नावाने परत येता येत नाही आणि गटातले स्थानही जाते. म्हणून प्रत्येकाने मम्बलच्या सर्टिफिकेट विझार्डमधून त्याची प्रत काढून ठेवावी. चॅनेले, गट आणि नोंदणी सर्व्हरच्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. पॅनेलवरून सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करण्यापूर्वी तिचा बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा.

आणखी एक गोष्ट सदस्यांना आधीच सांगून ठेवावी : मम्बलमधले कूटीकरण (एन्क्रिप्शन, म्हणजे इतरांना कळू नये म्हणून आवाज सांकेतिक रूपात पाठवणे) प्रत्येकाच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतच असते. सर्व्हरवर आवाज उलगडला जातो, त्यामुळे ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो ऐकणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. अभ्यासाच्या चर्चेला हे चालण्यासारखे आहे. अत्यंत गोपनीय बोलण्यासाठी भाड्याचा सर्व्हर घेऊ नये.