तुडतुड्यांची नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) सापडली, हे नेमकं कशावरून ठरवतात?

रंगावरून तर नक्कीच नाही. एकाच जातीत फिकट, गडद, लांब पंखांचे, आखूड पंखांचे असे सगळे नमुने मिळतात.

आधी कुळ ठरतं. मागच्या नडगीच्या टोकाला हलणारी आर दिसली की तो डेल्फॅसिडी कुळातला. भातावरचा तपकिरी तुडतुडा याच कुळातला. मग कपाळावरचे उभे कंगोरे, पंखांच्या शिरा कुठे फुटतात, नडगीवरचे काटे, हे सगळं ज्ञात प्रजातींशी ताडून पाहतात.

खरा निकाल मात्र बहुतेकदा नराच्या जननेंद्रियांवर लागतो. पोटाचं टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ ऊती विरघळतात, कठीण भाग तेवढा उरतो. तो धुऊन ग्लिसरीनमध्ये ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या बाजूंनी रेखाटायचा. कीटकच मुळात काही मिलिमीटरचा, त्यामुळे हे काम अत्यंत चिकाटीचं आहे. ही रेखाचित्रं मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

डीएनएची मदत होते, पण अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा ठरलेला आकडा नाही. हा कीटक जुन्या कुठल्याच प्रजातीत का बसत नाही, हे लेखकाला वैशिष्ट्यं दाखवून पटवून द्यावं लागतं.

नाव देताना आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहिता पाळावी लागते. १९३० नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीला एक प्रारूप जाती (त्या प्रजातीचं नाव जिच्याशी कायमचं जोडलेलं असतं ती जाती) नेमणं बंधनकारक आहे. शोधनिबंध फक्त ऑनलाइन असेल, तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणीही हवी.