फादर, भजनी बुवा आणि बचत गटाच्या बायांना मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग द्यायचं तर नेमकं काय शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात एक लहान चर्च आहे, भजनी मंडळ आहे, बायकांचे बचत गट आहेत. गावातल्या एका तरुणाने जीव दिला, तेव्हापासून फादर आणि बुवा दोघेही म्हणताहेत, आम्हाला कोणी शिकवेल काय? आणि तुमचा प्रश्न, दोन दिवसांच्या शिबिरात ही माणसं समुपदेशक होतील का?

होणार नाहीत, आणि तो नाद करूही नका. मी बेळगावात मानसोपचार वॉर्डात नर्स होते. आता निवृत्त आहे आणि चर्चच्या ओळखीने गावोगावी अशा बैठका घेते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविनाच असल्याचं दिसलं होतं. पण म्हणजे ते कोणाकडेच जात नाहीत असं थोडंच आहे! ते फादरच्या ओसरीवर असतात, देवऋष्याकडे असतात, 'बाहेरचं झालंय' म्हणून घरच्यांनी सौंदत्तीच्या डोंगरावर नेलेले असतात. आमच्या वॉर्डात पोचेपर्यंत वर्ष-दोन वर्षं गेलेली असायची. त्या पहिल्या ओसरीपासून ओपीडीपर्यंतची वाट आखूड करणं, एवढंच ट्रेनिंगचं काम.

सगळ्यात अवघड धडा ऐकण्याचा. उपदेश करणं हाच ज्यांचा पेशा, त्यांना गप्प बसवायचं म्हणजे काय ते तुम्हाला बैठकीतच कळेल. एका गावात आम्ही नाटकच केलं. एक बाई गोव्यातलं काम सुटून घरी आलेला पोरगा झाली. दिवसभर पांघरुणात, आंघोळ नाही, कोणाशी बोलणं नाही. समोर पाळकसाहेब बसले. पहिलंच वाक्य, "हल्ली प्रार्थनेला दिसत नाहीस." पोरगा गप्प. मग बुवा बसले. "अरे, आईबापाच्या तोंडाकडे तरी बघ." पोरगा आणखी गप्प. शेवटी आशाताई बसल्या आणि विचारलं, "रात्री जेवलास काय रे?" "नाही." "आणि काल?" तिथून जे बोलणं सुटलं ते थांबेना. मुकादमाने अडवलेला पगार, घरी न सांगितलेलं कर्ज, पहाटे तीनला उघडणारे डोळे. नाटक करणाऱ्या बाईच्याच डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेब मग आपणहून म्हणाले, बायबलातल्या एलीयाचं तसंच झालं की! झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. कानउघाडणी केलीच नाही. मंडळीला हे त्यांच्याच पाळकाच्या तोंडून ऐकू आलं, तेवढं माझ्या तासाभराच्या भाषणाने झालं नसतं.

दुसरा धडा सरळ विचारण्याचा. "जीव नकोसा झालाय काय? मरावं असं मनात येतं काय?" हे शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो, म्हणून जोड्या करून मोठ्याने म्हणायला लावा. विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरातलं शेतीचं फवारणीचं औषध दुसरीकडे, कुलपात गेलं पाहिजे. अशा इच्छेची भरती बऱ्याचदा थोडा वेळच टिकते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. म्हणून खत-औषधाच्या दुकानदारालाही बैठकीला बोलवा, हा माझा हट्ट असतो.

पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात आणि उशीर होतो. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. दवाखाना नोंद करेल, ती करू द्या.

आता गोळ्या. इथे फादर आणि बुवांचा शब्द डॉक्टरच्या शब्दापेक्षा जड असतो, म्हणून सांगते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधीच लोक "काही फरक नाही" म्हणून सोडतात. अशा वेळी रविवारी चर्चच्या दारात "गोळी चालू आहे ना?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. आणि उपास-प्रार्थना! लिथियम हे मनाच्या चढउताराच्या आजारावरचं औषध चालू असलेल्या माणसाने पाणीही न घेता उपास धरला तर रक्तात लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. 'प्रार्थनेने बरा झालास, आता गोळ्या कशाला' हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये, मग ते स्टेजवरून असो की घरातल्या प्रार्थनासभेत. साखळीने बांधून ठेवण्याबद्दल तर चर्चाच नको. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला लागलेल्या आगीत बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण गेले, आणि आता कायद्यानेही साखळीला बंदी आहे.

गुप्ततेचा धडा लोकांना सोपा वाटतो, घोळ मात्र तिथेच होतात. "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिला डिप्रेशन आहे," असा मेसेज चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला की ती सून परत कोणाकडे तोंड उघडेल? प्रार्थनेत नाव नको. कॅथलिक फादरांची अडचण वेगळी. पापनिवेदनात ऐकलेलं ते कोणालाच सांगू शकत नाहीत, म्हणून तिथेच त्या माणसाला गोडीने पटवायचं, की हेच बाहेर बसून मला पुन्हा सांग, मग आपण दोघे मिळून डॉक्टरकडे जाऊ.

'आपण दोघे' हे मी उगाच म्हणत नाही. घरात मराठी, शाळा मराठी, कन्नड कामापुरतं, अशा माणसाला ओपीडीत कन्नडमध्ये "कसं वाटतंय?" विचारलं तर तो "बरं आहे" म्हणून मोकळा होतो. सोबतच्याने झोप, जेवण, बोलणं कधीपासून बिघडलं ते डॉक्टरला सांगितलं तर निदान लवकर होतं. खानापूरकरांना बेळगावचं जिल्हा इस्पितळ जवळ, मोठं काही असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था. निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात, त्यातही वावगं काही नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, भाषा निवडता येते. तो चर्चच्या आणि देवळाच्या फलकावर रंगवूनच टाका.

शिबिर एक-दोन दिवसांत उरकू नका. उद्घाटन आणि शाल-श्रीफळातच दुपार होते. चार रविवारी दुपारचे तीन-तीन तास ठेवा. रोपलावणी आणि ऊसतोडीचे दिवस टाळा, चर्चवाल्यांना उपवासकाळ सोयीचा पडतो. फादरांची बदली होते, पाळकांचीही होते, तेव्हा निम्म्या तरी गावातच राहणाऱ्या बाया घ्या. शिकवायला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक बोलवा. त्यात मानसोपचार तज्ज्ञ, समाजसेवक असतात आणि गावपातळीवर शिकवणं त्यांच्या कामातच येतं. अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे द्या. तो कन्नडमध्ये लिहा, सोबत मराठी प्रत जोडा. भाषेचं भांडण दुसरीकडे भांडायला जागा आहे. आणि शिबिर संपल्यावर महिन्यातून एकदा या सगळ्यांना पुन्हा बसवा, कारण ऐकलेलं पोटात ठेवून ठेवून त्यांचीही झोप उडते.