बाल्कनीत कोळशावर बार्बेक्यू करता येईल का?

अकराव्या मजल्यावरील फ्लॅटच्या बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवता येईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘पेटवू नये’ असेच आहे, मग सोसायटीच्या उपविधींत त्याबद्दल अवाक्षर नसले तरी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावरही टाकतो, आणि आगीबाबत निष्काळजीपणा करून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबईच्या बाल्कनीत कायद्याहूनही जवळचा धोका म्हणजे कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी: एक ठिणगी तिला वितळवते आणि पेटते थेंब खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्याला ना रंग ना वास. विजेवरची ग्रिल हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे, मात्र ती एक्स्टेन्शन बोर्डवर न लावता थेट १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी, जाळीपासून दूर ठेवावी आणि चालू असताना तिच्यापासून हलू नये. कोळसाच हवा असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी घेऊन मोकळ्या आवारात, पाण्याची बादली शेजारी ठेवून बेत करावा. निखारे विझल्यासारखे दिसले तरी पाणी ओतल्याशिवाय कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत.